भूमिगत केबल आणि वीज पारेषणाचे जाळे : बारडोली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

शेतातून उच्चदाब वाहिनी जाणार असे कळताच 'तारा वरून नेण्याऐवजी जमिनीखालून न्या' अशी मागणी पुढे येते. ही मागणी रास्त वाटते, कारण शहरात वीज जमिनीखालूनच येते. तथापि वितरणाची केबल आणि पारेषणाची केबल यांच्या विद्युतीय वर्तनात फार मोठा फरक आहे. पारेषणाच्या दाबावर केबल ही केवळ वाहक राहत नाही. ती एक लांबच लांब कंडेन्सर बनते आणि तिचा परिणाम साऱ्या जाळ्याला सोसावा लागतो. प्रस्तुत लेखात दक्षिण गुजरातमधील बारडोली परिसर डोळ्यांसमोर ठेवून या परिणामांचे विवेचन केले आहे. कम्युनिटी कॉलेजमधील शिक्षकांना हा विषय वर्गात मांडता यावा आणि गावातील चर्चेतही उपयोगी पडावा, असा लेखाचा हेतू आहे.

१. प्रस्तावना

बारडोली हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. १९२८ च्या शेतसारा सत्याग्रहामुळे हे नाव देशभर पोहोचले. जमीन आणि तिच्यावरील हक्क हा विषय या भूमीला नवा नाही. काकरापार डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे हा परिसर आज उसाचा पट्टा म्हणून ओळखला जातो. येथील सहकारी साखर कारखाना प्रसिद्ध आहे, आणि तोडणीच्या हंगामात डांग व खानदेशातून मजुरांच्या टोळ्या या भागात उतरतात.

विजेच्या दृष्टीने बारडोलीचे स्थान लक्षणीय आहे. पूर्वेला तापी नदीवर उकाईचे जलविद्युत व औष्णिक केंद्र आणि काकरापारचे अणुविद्युत केंद्र आहे. काकरापारची पहिली दोन एकके प्रत्येकी २२० मेगावॉटची होती. पुढे प्रत्येकी ७०० मेगावॉटची दोन नवी एकके उभी राहिली. त्यांपैकी तिसरे एकक जानेवारी २०२१ मध्ये आणि चौथे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाळ्याशी जोडले गेले. पश्चिमेला सुरत शहर आणि हजिऱ्याचा औद्योगिक पट्टा आहे. म्हणजे एका बाजूला वीज तयार होते, दुसऱ्या बाजूला तिचा मोठा खप होतो आणि मधे उसाची शेते आहेत. अशा ठिकाणी उच्चदाब वाहिन्यांचा प्रश्न निघणे स्वाभाविक आहे.

२२० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी साधारणपणे ३५ मीटर आणि ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. त्या पट्ट्यात उंच झाडे लावता येत नाहीत, घर बांधता येत नाही. वाहिनीखाली उसाचे पाचट पेटवले तर धूर आणि ज्वाळांमुळे वाहिनी बंद पडू शकते. नुकसानभरपाईचे नियम काळानुसार बदलत गेले. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी जमीनमूल्याच्या २०० टक्के आणि वाहिनीखालील पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सुचवली आहे. तरीही जमिनीचे तुकडे पडण्याची खंत भरपाईने पूर्ण भरून निघत नाही. म्हणूनच 'केबल का नको?' हा प्रश्न विचारला जातो. त्याला 'खर्च परवडत नाही' एवढेच उत्तर दिले जाते, आणि ते उत्तर अपुरे आहे.

२. शहरातील केबल आणि पारेषणाची केबल

मुंबई शहरात बेस्टचे वितरण भूमिगत केबलमधून होते. सुरत शहरातही वितरणाचा मोठा भाग जमिनीखालून गेला आहे. मग बारडोलीच्या शेतातून जाणारी वाहिनी भूमिगत का होऊ नये? या प्रश्नाचे उत्तर दाबाच्या वर्गात दडलेले आहे.

प्रत्येक केबलमध्ये मध्यभागी वाहक असतो, त्याभोवती निरोधक द्रव्याचा थर असतो आणि त्यावर जमिनीला जोडलेले धातूचे आवरण असते. दोन धातूंच्या मधे निरोधक, ही कंडेन्सरचीच रचना झाली. मनोऱ्यावरील तारा एकमेकींपासून व जमिनीपासून कित्येक मीटर दूर असतात. २२० किलोव्होल्टच्या केबलमध्ये मात्र वाहक आणि आवरण यांच्यात केवळ २ ते २.५ सेंटिमीटर जाडीचे निरोधक असते. शिवाय आधुनिक केबलमधील पॉलिथिलीनची विद्युत क्षेत्र साठवण्याची क्षमता हवेच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे केबलची धारिता उपरी वाहिनीच्या सुमारे २० पट भरते.

या धारितेमुळे केबल जी शक्ती जाळ्यात सोडते तिला रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. ही शक्ती मोटार फिरवत नाही की दिवा लावत नाही. ती केबल आणि जाळे यांच्यात सेकंदाला अनेक वेळा ये-जा करते. तिचे माप मेगाव्हार या एककात करतात. महत्त्वाची गोष्ट अशी की ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हिशेब असा मांडता येतो. ११ किलोव्होल्टच्या केबलची धारिता दर किलोमीटरला ०.३५ मायक्रोफॅरड धरली तर तिची रिॲक्टिव्ह पॉवर दर किलोमीटरला सुमारे ०.०१३ मेगाव्हार येते. २२० किलोव्होल्टच्या केबलची धारिता ०.१८ मायक्रोफॅरड धरली तर हा आकडा २.७ मेगाव्हार होतो. ४०० किलोव्होल्टला तो दर किलोमीटरला १० मेगाव्हारच्या घरात जातो. म्हणजे गल्लीतील केबल आणि पारेषणाची केबल यांत या बाबतीत दोनशे ते सातशे पटींचा फरक आहे. शहरातील केबलचा दाखला देऊन पारेषणाची केबल मागणे म्हणूनच तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही. परंतु ती अशक्य आहे असाही याचा अर्थ नव्हे.

३. लांबीची मर्यादा

कालव्यात पाणी सोडले की ते लगेच शेवटच्या शेतापर्यंत जात नाही, आधी कालवा भरावा लागतो. केबलचेही तसेच आहे. फरक एवढाच की प्रत्यावर्ती प्रवाहात हा कालवा सेकंदाला १०० वेळा भरतो आणि रिकामा होतो, एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने. हे भरणे-रिकामे होणे ज्या प्रवाहाने घडते त्याला प्रभारण प्रवाह म्हणावे. पलीकडे ग्राहक असो वा नसो, हा प्रवाह वाहतच राहतो आणि केबलला तापवतो.

अभ्यासासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. बारडोली परिसरातून सुरतेकडे २२० किलोव्होल्टची केबल टाकायची आहे आणि ती ९०० अँपिअरपर्यंत प्रवाह सुरक्षितपणे वाहू शकते असे धरू. वर दिलेल्या धारितेनुसार दर किलोमीटरला सुमारे ७.२ अँपिअर प्रभारण प्रवाह लागतो. तो एकाच टोकाकडून पुरवला तर उपयुक्त प्रवाहासाठी उरणारी क्षमता पुढीलप्रमाणे येते :

१० किलोमीटर : प्रभारण प्रवाह ७२ अँपिअर, उरलेली क्षमता ८९७ अँपिअर.
३० किलोमीटर : प्रभारण प्रवाह २१५ अँपिअर, उरलेली क्षमता ८७४ अँपिअर.
६० किलोमीटर : प्रभारण प्रवाह ४३१ अँपिअर, उरलेली क्षमता ७९० अँपिअर.
१०० किलोमीटर : प्रभारण प्रवाह ७१८ अँपिअर, उरलेली क्षमता ५४३ अँपिअर.
१२५ किलोमीटर : प्रभारण प्रवाह ८९८ अँपिअर, उरलेली क्षमता जवळपास शून्य.

येथे साधी वजाबाकी न करता वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढले आहे, कारण उपयुक्त प्रवाह आणि प्रभारण प्रवाह यांच्यात पाव चक्राचे अंतर असते. या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, १० ते ३० किलोमीटरपर्यंत क्षमतेची हानी नगण्य आहे. दुसरी, शंभर किलोमीटरच्या पुढे केबल स्वतःलाच भरण्यात थकून जाते. दोन्ही टोकांकडून प्रभारण प्रवाह पुरवला किंवा वाटेत शंट रिॲक्टर बसवले तर ही मर्यादा पुढे ढकलता येते. रिॲक्टर म्हणजे मोठी वेटोळी होत. कंडेन्सर जी रिॲक्टिव्ह पॉवर सोडतो ती हे वेटोळे शोषून घेते. मात्र प्रत्येक रिॲक्टरसाठी जागा, स्विच आणि देखभाल लागते.

४. दाबाची वाढ

केबलने सोडलेली रिॲक्टिव्ह पॉवर जाळ्याचा दाब वर उचलते. दाब किती वाढेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : केबलची रिॲक्टिव्ह पॉवर आणि त्या ठिकाणच्या जाळ्याचे बळ. जाळ्याचे बळ लघुपथन क्षमतेने मोजतात. आपल्या उदाहरणातील ३० किलोमीटर केबल सुमारे ८२ मेगाव्हार सोडेल. त्या उपकेंद्राची लघुपथन क्षमता २,००० एमव्हीए असेल तर दाबातील वाढ ८२ भागिले २,०००, म्हणजे सुमारे ४ टक्के येते. २२० किलोव्होल्टवर हे जवळपास ९ किलोव्होल्ट झाले. तीच केबल ८,००० एमव्हीए क्षमतेच्या ठिकाणी जोडली तर वाढ केवळ १ टक्का राहील.

भारतात २२० किलोव्होल्ट जाळ्याचा दाब १९८ ते २४५ किलोव्होल्टच्या दरम्यान ठेवण्याचे बंधन आहे. भर उन्हाळ्याच्या दुपारी, कृषिपंप आणि कारखाने चालू असताना दाब खाली येतो आणि तेव्हा केबलची ही मदत हवीहवीशी वाटते. पावसाळ्यात पंप बंद असतात, दिवाळीच्या सुट्टीत कापड गिरण्या थांबतात, रात्री भार उतरतो. अशा वेळी दाब आधीच वर असतो, त्यात केबलची भर पडते. दाब आवरण्यासाठी कमी भाराच्या रात्री काही उपरी वाहिन्या मुद्दाम बंद ठेवण्याची पद्धत भारतीय जाळ्यात आहे. वाहिन्या बंद ठेवल्या की जाळे आणखी दुबळे होते आणि केबलचा परिणाम अधिक जाणवतो. म्हणून केबलचा अभ्यास केवळ कमाल भारावर करून भागत नाही, तो किमान भाराच्या रात्रीवरही करावा लागतो.

रिॲक्टरमुळे आणखी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. केबल आणि रिॲक्टर एकाच वेळी चालू केले आणि रिॲक्टरने केबलच्या निम्म्याहून अधिक रिॲक्टिव्ह पॉवर शोषली, तर काही काळ प्रवाह शून्याला स्पर्शच करत नाही. सर्किट ब्रेकर प्रवाह शून्यावर आला असतानाच तो तोडू शकतो. नेमक्या त्याच क्षणी दोष उद्भवला तर ब्रेकरला प्रवाह तोडणे कठीण जाते. म्हणून स्विच करण्याचा क्षण आणि क्रम काळजीपूर्वक ठरवावा लागतो.

५. अनुनाद : न दिसणारा धोका

कंडेन्सर आणि वेटोळे एकत्र आले की त्यांची एक स्वाभाविक वारंवारता ठरते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो मोठे झोके घेतो, तसे जाळ्यात त्या वारंवारतेचा छोटा प्रवाह आला तरी दाब वाढतो. यालाच अनुनाद म्हणतात.

अनुनादाची वारंवारता ढोबळपणे काढता येते. जाळ्याच्या लघुपथन क्षमतेला केबलच्या मेगाव्हारने भागून वर्गमूळ काढायचे. आपल्या उदाहरणात २,००० भागिले ८२ म्हणजे २४.४ आणि त्याचे वर्गमूळ ४.९. म्हणजे अनुनाद ५० हर्ट्झच्या जवळपास पाचपट वारंवारतेवर, २५० हर्ट्झच्या आसपास येतो. नेमकी हीच पाचवी हार्मोनिक कापड गिरण्यांतील वेगनियंत्रक यंत्रे आणि इंडक्शन भट्ट्यांसारख्या भारांतून जाळ्यात येते. रोहित्र चालू करतानाही खालच्या वारंवारतेच्या अशा लहरी उठतात.

केवळ उपरी वाहिन्या असताना धारिता अल्प असते, त्यामुळे अनुनाद बराच वरच्या वारंवारतेवर राहतो आणि तेथे उपद्रव कमी असतो. केबलची लांबी जसजशी वाढते तसतसा तो खाली सरकतो आणि हार्मोनिकांच्या गर्दीत येऊन पोहोचतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रिॲक्टर बसवला की केबलचे सर्व दुष्परिणाम नाहीसे होतात असे समजले जाते. वरील उदाहरणात ६० टक्के भरपाईचा रिॲक्टर बसवला तर दाबाचा प्रश्न बराचसा सुटतो, पण अनुनाद ४.९ वरून ५.० पटीवर जातो, म्हणजे जागचा फारसा हलत नाही. त्यासाठी हार्मोनिक फिल्टर किंवा केबलच्या लांबीवर मर्यादा हेच उपाय उरतात.

६. भाराची वाटणी, दोष आणि दुरुस्ती

दोन उपकेंद्रांमध्ये एक उपरी वाहिनी आणि तिच्या जोडीला केबल असेल तर भार अर्धा-अर्धा वाटला जात नाही. उपरी वाहिनीचा प्रवाहाला होणारा विरोध दर किलोमीटरला सुमारे ०.४ ओहम असतो, तर केबलचा सुमारे ०.१२५ ओहम. लांबी समान असेल तर तीन-चतुर्थांश भार एकट्या केबलवर येतो. उपरी वाहिनी मोकळी असताना केबल तापते, असा विचित्र प्रसंग ओढवू शकतो.

दोषांच्या बाबतीतही दोहोंचा स्वभाव भिन्न आहे. उपरी वाहिनीवरील बहुतेक दोष क्षणिक असतात. वीज पडणे, फांदी घासणे, पक्षी बसणे अशा कारणांनी वाहिनी बंद पडते आणि क्षणभराने आपोआप पुन्हा चालू करता येते. केबलला वादळवाऱ्याचा त्रास नाही, पण तिच्यात दोष आला तर तो बहुधा कायमचा असतो. तेथे पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्यास हानी वाढते. वाहिनीचा काही भाग उपरी व काही भाग भूमिगत असेल तर दोष नेमका कोणत्या भागात आहे हे ओळखणारी संरक्षण यंत्रणा लागते. दोषाची जागा शोधणे, खणणे, नवा जोड तयार करणे आणि चाचणी घेणे यात उच्चदाब केबलचे काही दिवस ते काही आठवडे जातात. उपरी वाहिनीची दुरुस्ती बहुधा काही तासांत उरकते.

जेथे उपरी तार केबलला मिळते त्या जागीही दक्षता घ्यावी लागते. विजेच्या लाटेला उपरी तार सुमारे ३५० ते ४०० ओहमचा आणि केबल सुमारे ४५ ते ५० ओहमचा अडथळा दाखवते. या फरकामुळे आकाशातील विजेची लाट तेथे काही अंशी परावर्तित होते. आत शिरलेली लाट केबलच्या दुसऱ्या टोकावर आपटून पुन्हा मागे फिरते. म्हणून दोन्ही टोकांना लाटरोधक बसवावेच लागतात.

७. मातीचा प्रश्न

मनोऱ्यावरील तारेला वारा थंड करतो. केबलला मात्र तिची उष्णता भोवतालच्या मातीतच सोडावी लागते. बारडोलीची काळी कसदार माती ओली असताना उष्णता बऱ्यापैकी वाहून नेते. पण सुकली की ती आकसते, तिला भेगा पडतात आणि भेगांतील हवा उष्णतेला अडवते. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या शेताखाली एक परिस्थिती असेल, तर उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या माळाखाली दुसरी. संपूर्ण केबलची क्षमता मात्र तिच्या सर्वांत उष्ण तुकड्यावरूनच ठरते. शिवाय तापलेली केबल भोवतालची ओल दूर लोटते, माती आणखी सुकते आणि केबल आणखी तापते, असे चक्र सुरू होऊ शकते.

मातीचे महत्त्व न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराने १९९८ मध्ये अनुभवले. शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाला वीज देणाऱ्या ११० किलोव्होल्टच्या चार भूमिगत केबल त्या वर्षीच्या कोरड्या व उष्ण उन्हाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, एकामागून एक निकामी झाल्या. एक बंद पडली की तिचा भार उरलेल्यांवर येई. २० फेब्रुवारीला चौथी केबल बंद पडली आणि त्या भागाला सुमारे पाच आठवडे नियमित वीज मिळाली नाही. केबलभोवतीच्या मातीची उष्णता वाहण्याची क्षमता आखणीच्या वेळी धरली होती तेवढी नव्हती, ही बाब नंतरच्या चौकशीत पुढे आली. काळ्या मातीच्या प्रदेशात केबल टाकताना हा धडा विसरता येणार नाही. म्हणून खंदकात मूळ माती परत न भरता केबलभोवती निवडक वाळू-सिमेंटचे मिश्रण भरतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीनेही केबल म्हणजे जमीन पूर्ण मोकळी, असे नाही. उच्चदाब केबल साधारण दीड मीटर खोल असते आणि तिचा पट्टा काही मीटरच रुंद असतो. त्या पट्ट्यात खोल मुळांची झाडे लावता येत नाहीत, विहीर किंवा शेततळे खणता येत नाही. ठरावीक अंतरावर जोडांसाठी खड्डे लागतात आणि दुरुस्तीच्या वेळी उभ्या पिकात यंत्रे आणावी लागतात. पट्टा अरुंद होतो, पण बंधन नाहीसे होत नाही.

८. व्यवहारात काय घडले

जगातील अनुभव या विवेचनाला पुष्टी देतात. टोकियो शहरात २००० मध्ये ५०० किलोव्होल्टची सुमारे ४० किलोमीटर लांबीची केबल बोगद्यातून टाकण्यात आली आणि तिच्यासोबत रिॲक्टरही बसवावे लागले. माद्रिदच्या विमानतळाखालून २००४ मध्ये ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुमारे १२ किलोमीटर भूमिगत करण्यात आली. जेथे मनोरे उभारणे शक्यच नव्हते तेथे, आणि तेवढ्याच लांबीत केबल टाकली, हे या उदाहरणांतून दिसते.

भारतात या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा माळढोक पक्ष्याच्या निमित्ताने झाली. उपरी तारांना धडकून हे दुर्मीळ पक्षी मरतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी गुजरात व राजस्थानातील पक्ष्यांच्या क्षेत्रात वाहिन्या भूमिगत करण्याबाबत आदेश दिला. त्याचा परिणाम सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर प्रदेशावर होत होता. उच्चदाब वाहिन्या सरसकट भूमिगत करण्यातील तांत्रिक अडचणी आणि खर्च सरकारने न्यायालयापुढे मांडले. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो आदेश बदलला आणि कोठे केबल योग्य व कोठे अयोग्य हे ठरवण्याचे काम तज्ज्ञ समितीकडे सोपवले. प्रश्न 'सर्व की काहीच नाही' असा नसून 'कोठे आणि किती' असा आहे, हे यातून अधोरेखित झाले.

लांब अंतरासाठी एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी, हा मार्ग उपलब्ध आहे. डीसीमध्ये कालवा एकदाच भरतो, पुन्हा पुन्हा रिकामा होत नाही. त्यामुळे स्थिर स्थितीत प्रभारण प्रवाह लागत नाही आणि लांबीची वरील मर्यादाही उरत नाही. तमिळनाडूतील पुगलूर ते केरळमधील त्रिशूर या ३२० किलोव्होल्ट, २,००० मेगावॉटच्या डीसी वाहिनीचे उद्घाटन फेब्रुवारी २०२१ मध्ये झाले. दाट वस्तीच्या केरळमध्ये तिचा एक टप्पा भूमिगत केबलने नेला आहे. महाराष्ट्रात कुडूस ते मुंबईतील आरे या १,००० मेगावॉटच्या डीसी प्रकल्पाची आखणीही उपरी व भूमिगत अशा मिश्र मार्गाने केली आहे. मात्र डीसीच्या दोन्ही टोकांना खर्चिक परिवर्तक केंद्रे लागतात आणि वाटेतल्या गावासाठी मधूनच वीज काढून घेणे सोपे नसते.

९. वर्गात कसे शिकवावे

हा विषय मोठ्या प्रयोगशाळेशिवायही समजावता येतो. पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २३० व्होल्टला जोडला तर सुमारे ०.१८ अँपिअर प्रवाह वाहतो, पण वॉटमीटर जवळपास शून्य दाखवतो. ग्राहक नसताना केबल जो प्रवाह घेते तो हाच, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या प्रयोगात जुन्या लोखंडी चोकच्या ट्यूबलाइटला समांतर ३.३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडावा. दिव्याचा प्रकाश तोच राहतो, पण पुरवठ्यातून येणारा प्रवाह जवळपास निम्म्यावर येतो. चोक आणि कंडेन्सर परस्परांची गरज भागवतात. शंट रिॲक्टरचे कार्य हेच, फक्त भूमिका उलट : तेथे कंडेन्सर आधीच असतो आणि वेटोळे मागाहून जोडावे लागते. हे प्रयोग फ्यूज बसवूनच, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावेत आणि कंडेन्सरला हात लावण्यापूर्वी तो रोधामार्फत विसर्जित करावा.

गणिताच्या तासाला वरील कोष्टक ४०० किलोव्होल्टसाठी नव्याने करून घेता येईल. भूगोलाच्या तासाला परिसरातील मातीचे नमुने ओले व सुकवून त्यांच्या भेगा मोजता येतील. विषय एकच असला तरी तो अनेक वर्गांत शिकवता येतो.

१०. निष्कर्ष

भूमिगत केबल ही उपरी वाहिनीची केवळ जमिनीखाली गेलेली प्रत नव्हे. ती जाळ्याचा दाब, अनुनाद, भाराची वाटणी आणि दोषांवरील संरक्षण या साऱ्यांवर परिणाम करते. हे परिणाम दाब आणि लांबी यांच्यासोबत वाढतात. थोड्या लांबीत ते आवरता येतात, फार लांबीत प्रत्यावर्ती प्रवाहाची केबल स्वतःच निरुपयोगी ठरते.

म्हणून गावाच्या सभेत 'केबल हवी' किंवा 'केबल शक्य नाही' एवढ्यावर चर्चा थांबू नये. चार प्रश्न विचारले जावेत : वाहिनीचा दाब किती? नेमका कोणता टप्पा भूमिगत करायचा आणि त्याची लांबी किती? त्या ठिकाणचे जाळे किती बळकट आहे? आणि केबलसोबत रिॲक्टर, फिल्टर, संरक्षण व माती यांचा अभ्यास झाला आहे का? गावठाण, शाळा किंवा फळबागेलगतचे दोन-चार किलोमीटर भूमिगत करण्याची मागणी या चार प्रश्नांच्या आधारे मांडली, तर ती केवळ तांत्रिक कारण सांगून फेटाळता येणार नाही. तशी मागणी करता येण्याइतके ज्ञान शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्याकडे असावे आणि ते त्याला आपल्या गावाजवळच्या कॉलेजात मिळावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.